'बोर्ड गेलाय' म्हणजे नेमकं काय गेलंय? कागदावर लिहून द्या!

थोडं मोठं लिहितोय, पण प्रश्न तुमच्या-माझ्या खिशाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या बार्शीत चौकाचौकात एकाच छापाचे फ्लेक्स लागतात. जुना द्या, नवा न्या! टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि आता होम थिएटरसुद्धा. चालू असो नाहीतर बंद, दोन-तीन हजार सूट. व्यापाऱ्यांनी धंदा करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'बार्शी तिथे सरशी' अशी म्हणच आहे. माझं भांडण त्या फ्लेक्सच्या आधीच्या पायरीशी आहे. त्या दुकानात माणूस जातो, कारण आठ दिवसांपूर्वी त्याला सर्व्हिस सेंटरमधून फोन आलेला असतो. "सर, बोर्ड गेलाय. रिपेअर करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा नवाच घ्या."

हे वाक्य तंत्रज्ञाच्या तोंडून येतं, पण असतं विक्रेत्याचं. आणि आपण ते डॉक्टरचा शब्द मानून गप्प बसतो.

कुणी म्हणेल, "साहेब, गावात पाण्याचा प्रश्न आहे, रस्त्यांचा आहे, सोयाबीनला भाव नाही, आणि तुम्ही होम थिएटर काय घेऊन बसलात?" घेऊन बसलोय, कारण तालुक्याच्या गावात तीस-पस्तीस हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर ही चैन असली तरी ती हप्त्यांवर घेतलेली चैन असते. शिक्षक, दुकानदार, एसटीतला कंडक्टर, बँकेतला क्लार्क, असे लोक वर्ष-दोन वर्षं पैसे साठवून ती करतात. आणि जी गोष्ट आज अ‍ॅम्प्लीबाबत होतेय, तीच उद्या तुमच्या मोटरच्या स्टार्टरबाबत, इन्व्हर्टरबाबत, फवारणीच्या पंपाबाबत होणार आहे. काही ठिकाणी होतेयच.

आधी यंत्राबद्दल बोलू. त्याच्या पोटात काय आहे हे कळलं, की समोरचा थापा मारतोय का हे कळतं.

होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे कंपनीच्या भाषेत एव्ही रिसीव्हर, हा खरं तर एका डब्यातले तीन संसार आहेत. पहिला वीजपुरवठ्याचा: ट्रान्सफॉर्मर, मोठे कंडेन्सर, आणि स्टँडबायसाठीचा छोटा वेगळा पुरवठा. दुसरा ताकदीचा: आवाज वाढवून स्पीकरपर्यंत नेणारे आउटपुट ट्रान्झिस्टर आणि रिले. तिसरा डोक्याचा: एचडीएमआय, डॉल्बी उलगडणारी चिप, रिमोट, डिस्प्ले. पहिले दोन संसार साध्या, बाजारात मिळणाऱ्या भागांचे असतात. खरी अडचण तिसऱ्यात असते. तिथल्या चिपा कंपनी सोडून कुणाकडे सहसा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी हातातल्या सोल्डरिंग गनने बसवता येत नाहीत.

आता 'प्रोटेक्ट' लिहून येतं आणि सेट टक् आवाज करून बंद होतो, हा सगळ्यांच्या ओळखीचा आजार घ्या. लोकांना वाटतं, मेला! उलट तो जिवंत असल्याची ती खूण आहे. स्पीकरच्या तारेत चुकून डीसी करंट गेला तर स्पीकरची कॉइल जळते, म्हणून आतलं संरक्षक सर्किट रिले तोडून टाकतं. याचं कारण आत फुंकलेला ट्रान्झिस्टर असू शकतं, तसं मागच्या टर्मिनलला स्पीकरच्या तारेचा एक केसाएवढा धागा चिकटलेला असणं हेही असू शकतं. म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. वीज बंद करा, स्पीकरच्या सगळ्या तारा काढा, आणि मग सेट चालू करून बघा. टिकला, तर दोष बहुधा तारेत किंवा स्पीकरमध्ये आहे. दुसरं फुकटचं काम म्हणजे माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे फॅक्टरी रीसेट. कितीतरी 'बिघाड' म्हणजे गोंधळलेला प्रोसेसर असतो. मात्र झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक राहते आणि ती चांगलाच झटका देते.

आपल्याकडे हे सेट लवकर का जातात, त्याचंही गणित सांगतो. अशा यंत्रात सगळ्यात आधी म्हातारा होतो तो कंडेन्सर. त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, १०५ अंश. साधा कंडेन्सर त्या तापमानाला २,००० तास टिकेल असं धरतात, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांवर राहिला तर सुमारे ३२,००० तास. रोज ४ तास सेट चालवला तर २२ वर्षं! तोच कंडेन्सर ७५ अंशांवर राहिला तर ११ वर्षं. अंदाजाचं गणित आहे, पण दिशा पक्की आहे. आता सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा आठवा, पारा चाळिशीच्या वर. त्यात आपण तो अ‍ॅम्प्ली काचेच्या शोकेसमध्ये बंद करतो, वर सेट टॉप बॉक्स ठेवतो, त्यावर गणपतीची मूर्ती. हवा जाणार कुठून? शिवाय रिमोटने बंद केलेला सेट बंद झालेलाच नसतो. स्टँडबायचा पुरवठा चोवीस तास तापत राहतो. म्हणून तोच आधी जातो. चार बोटं जागा वर-मागे सोडणं आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं, याला एक रुपया लागत नाही.

कंडेन्सरची किंमत किती? लहान असेल तर पाच-दहा रुपये. मोठे, मुख्य पुरवठ्याचे असतील तर काही शे रुपये. रिले शंभर-दोनशेचा. आणि या दहा रुपयांच्या भागासाठी वीस हजारांचा बोर्ड बदला, असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा नाकापेक्षा मोती जड होतो.

माझ्याच घरचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. २०१३ साली पुण्यातून ३२ हजारांना घेतलेला सेट. गेल्या एप्रिलमध्ये चालूच होईना. लाल दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. अधिकृत सर्व्हिस सेंटर सोलापूरला, तिथून तो पुण्याला जाणार. तपासणीचे ५९० रुपये आधीच घेतले. १९ दिवसांनी एस्टिमेट आलं: मेन बोर्ड आणि पॉवर बोर्ड, २१,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. आणि खाली बारीक अक्षरात, सुटा भाग मिळण्याची खात्री नाही. फोनवरची बाई गोड बोलली, "सर, जुना देऊन नवीन घेतला तर तीन हजार कमी करून देतो."

मी एकच विचारलं. बोर्डावरचा कुठला भाग गेलाय? उत्तर, "बोर्ड गेलाय, सर." कुठल्या भागावर किती व्होल्ट मिळाले? "ते इंजिनिअर बघतात." मग इंजिनिअरला द्या. "ते बोलत नाहीत." पत्रकारितेच्या पदविकेला असताना आमचे सर म्हणायचे, समोरचा तोंडी सांगत असेल तर म्हणा, कागद दाखवा. मी कागद मागितला. कागदावर तीनच शब्द आले: मेन बोर्ड नादुरुस्त.

सेट परत आणला. आपल्याच गावात, साठी ओलांडलेल्या एका मेकॅनिककडे दिला. पाटी धड वाचता येत नाही असं दुकान. त्यांनी आधी अर्धा तास नुसतं मोजलं. मग स्टँडबायच्या पुरवठ्यातले फुगलेले दोन कंडेन्सर दाखवले, काळा पडलेला रिलेचा कॉन्टॅक्ट दाखवला, आणि भिंगातून एका जागी ड्राय सोल्डर दाखवलं. भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवले, २६० रुपयांचे. मजुरीसह एकूण १,४५०. सेट तीन तास चालू ठेवून, परत मोजून, मगच हातात दिला. जुने भाग प्लास्टिकच्या पुडीत घालून दिले, न मागता.

पंचवीस हजार आणि चौदाशे पन्नास. माझा एकट्याचा अनुभव म्हणजे सगळ्यांचा निकाल नव्हे, हे मलाही कळतं. प्रत्येक सेट कंडेन्सर बदलून उठत नाही. पण मुद्दा फक्त पैशांतल्या फरकाचा नाहीच. एका ठिकाणी मला काय बिघडलंय ते दाखवलं गेलं आणि दुसऱ्या ठिकाणी ते लपवलं गेलं. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हा निर्णय माझा. तो घ्यायला लागणारी माहिती मात्र दुसऱ्याने कुलपात ठेवायची, ही कुठली रीत?

पूर्वी ही रीत नव्हती. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं मागचं झाकण काढलं की कित्येकदा आत सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असायचा. कंपनी गृहीतच धरायची की हा कधीतरी बिघडेल, कुणीतरी उघडेल, आणि त्याला वाट सापडली पाहिजे. आजही आपल्या खेड्यातल्या मारुतीच्या देवळात जा. भजनाला, काकड्याला, ग्रामपंचायतीच्या दवंडीला जो भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, तो कधीचा आहे विचारा. पंधरा वर्षं, वीस वर्षं, कुणी सांगेल, "आमच्या वडिलांच्या सरपंचकीतला." दर दोन-तीन वर्षांनी बिघडतो, तालुक्याला येतो, ट्रान्झिस्टर बदलून परत जातो. का? कारण त्याचे भाग बाजारात मिळतात आणि त्याची रचना मेकॅनिकला पाठ आहे. ४४४० नंबरच्या आयसीवर घरी अ‍ॅम्प्ली जुळवून मोठी झालेली पिढी आपल्याकडे आहे. म्हणजे कारागीर होते, हुशारीही होती. मग शोरूममधल्या महागड्या सेटचं आयुष्य देवळातल्या अ‍ॅम्प्लीपेक्षा कमी का? तंत्रज्ञान पुढं गेलं म्हणून, हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं म्हणजे तो उघडता येऊ नये यातच विकणाऱ्याचा फायदा आहे.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. दुकानदार मित्रांचे तीन मुद्दे असतात, आणि तिन्ही टाकाऊ नाहीत.

पहिला मुद्दा, "जुना सेट नव्या टीव्हीला चालत नाही." काही अंशी खरं. नव्या फोर-के टीव्हीला आणि बॉक्सला जी एचडीएमआय आणि कॉपीराइट संरक्षणाची आवृत्ती लागते ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सेटमध्ये नाही. डॉल्बी अ‍ॅटमॉस घरात आलं २०१४ नंतर. तुम्हाला छतावरून पाऊस पडल्याचा आवाज हवाच असेल तर जुना सेट तो देणार नाही. पण बहुतेकांना एवढंच हवं असतं की सिनेमाचा आवाज चांगला यावा. मग चित्र थेट टीव्हीला द्या आणि टीव्हीच्या मागचा ऑप्टिकल आउटपुट अ‍ॅम्प्लीला जोडा. काही शे रुपयांची केबल. साधं डॉल्बी डिजिटल पाच-एक त्यातून व्यवस्थित जातं. टीव्ही विकत घेताना ऑप्टिकल आउटपुट आहे का एवढं बघा. सेटमधला एचडीएमआय बोर्ड पूर्ण मेला तरीही हा उपाय चालू शकतो. हे कुठल्या सर्व्हिस सेंटरने तुम्हाला सांगितलं का? सांगितलं असेल तर मला जरूर कळवा, त्यांचा सत्कार करू.

दुसरा मुद्दा, "त्यापेक्षा साउंडबार घ्या, सुटसुटीत." घ्या, जागा कमी असेल तर घ्या. पण त्यात अ‍ॅम्प्ली, स्पीकर आणि बोर्ड एकाच नळकांड्यात बसवलेले असतात. एक गेलं की सगळं गेलं. तुमच्या जुन्या संचातले पाच स्पीकर अजून वीस वर्षं वाजतील, त्यांच्यात बिघडण्यासारखं फारसं नसतंच. अ‍ॅम्प्ली भंगारात गेला की तेही पोरके होतात. त्यातून 'सगळं एका खोक्यात' प्रकारातला संच असेल तर त्याच्या स्पीकरचा ओहम वेगळा आणि प्लग वेगळा, दुसऱ्या अ‍ॅम्प्लीला ते जोडणंही अवघड. एका कंडेन्सरपायी सहा डबे भंगारात. हिशोब करा.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. "गावातले मेकॅनिक काय दिवे लावतात? फ्यूज उडाला की तांब्याची तार बांधतात, नकली ट्रान्झिस्टर टाकतात, चालू सेट बिघडवून ठेवतात." हो, असेही आहेत. नकली आउटपुट ट्रान्झिस्टरचा बाजार मोठा आहे. बाहेरून नंबर तोच, आत चिप टीचभर, पहिल्या लग्नसराईला फुटतो. फ्यूजच्या जागी तार म्हणजे घराला आग लावायची तयारी. अशा माणसाला सेट देऊ नका. चांगला मेकॅनिक ओळखायची खूण सांगतो. तो आधी मोजतो, मग उघडतो, मग बोलतो. तो कधीकधी म्हणतो, "हे माझ्याच्याने होणार नाही." जुने भाग परत देतो. तीन महिन्यांची हमी लिहून देतो. लिहून द्यायला कां-कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा. कागद मागायचा नियम सर्व्हिस सेंटरला आहे तसाच गल्लीतल्या दुकानालाही आहे.

मग ठरवायचं कसं? माझा ठोकताळा असा. वीजपुरवठा, रिले, ड्राय सोल्डर, स्पीकर टर्मिनल, व्हॉल्यूमचं बटण, एखाद्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर: दुरुस्त करा, डोळे झाकून. फक्त एचडीएमआय गेलंय आणि आवाज शाबूत आहे: ऑप्टिकलवर चालवा. मुख्य प्रोसेसर गेलाय, पाणी शिरलंय, वीज पडून एकाच वेळी तीन-चार जागा जळल्यात: सोडून द्या, त्यात पैसे ओतू नका. खर्च नव्या सेटच्या एक तृतीयांशाच्या आत आणि लेखी हमी असेल तर दुरुस्ती. निम्म्याच्या वर गेला तर नवा. मधलं जे काही असेल ते आपापल्या खिशाने ठरवावं. नवा घेणं हा गुन्हा नाही. पण तो काय बिघडलंय हे कळल्यावर घ्या.

आता सरकारकडे वळू, कारण हा प्रश्न नुसता सेंटर आणि गिऱ्हाईक यांच्यातला राहिलेला नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली. डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, त्यासाठी पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी तिथे माहितीपुस्तिका, सुट्या भागांच्या किमती, सर्व्हिसची माहिती टाकायची. पुढं २०२४ मध्ये आणखी एक समिती, वस्तू किती दुरुस्त करता येते याचे गुण ठरवण्यासाठी. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. वस्तू किती सहज उघडते, भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती खुली आहे का, सॉफ्टवेअर किती काळ मिळतं, अशा कसोट्यांवर गुण द्यायचे. विचार उत्तम आहे. सुरुवात मोबाइल आणि घरगुती उपकरणांपासून. पण समिती, पोर्टल, समिती, अहवाल, एवढ्या पायऱ्या चढूनही कंपनीला "भाग दे नाहीतर दंड भर" असं ठणकावणारा दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. पोर्टलवर माहिती टाकणं ही विनंती असेल, तर आम्ही बिल भरणं हीसुद्धा विनंतीच समजायची का?

बाहेर बघा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून टीव्ही, लॅपटॉप, स्मार्टफोन, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीचे दहापैकी गुण दाखवणं बंधनकारक झालं. गिऱ्हाईक किंमत बघतं तसं तेही बघतं. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून टीव्हीसाठी नियम आला, की शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षं ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत. त्याच कंपन्या आपल्याकडेही माल विकतात. तिथं जमतं ते सोलापूर जिल्ह्यात का जमू नये?

आणि हे आपल्याकडे अगदीच नवीन आहे असंही नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. मुख्य आक्षेप हाच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. पुढं अपिलं झाली, ते वेगळं. पण भाग अडवून ठेवणं म्हणजे गिऱ्हाईक अडवून ठेवणं, हे तत्त्व आपल्याच देशात मांडलं गेलंय. मोटारीला लागू होतं ते अ‍ॅम्प्लीला आणि पाण्याच्या मोटरला का नको?

कंपनीच बुडाली तर काय, हाही प्रश्न आहे. ओन्क्यो हे जपानी नाव आवाजाच्या शौकिनांना माहीत आहे. त्यांच्या होम थिएटर कंपनीने मे २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नाव पुढं दुसऱ्यांच्या हातात गेलं, चालू राहिलं. पण एवढी जुनी कंपनीही कोसळू शकते, तेव्हा सर्किटचा नकाशा फक्त कंपनीच्या कपाटात ठेवणं कुणाच्या हिताचं? तो आधीपासून खुला असेल तर कंपनी राहो न राहो, वस्तू जगते.

कचऱ्याचं बोलायलाच हवं. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि नोंद होऊन रीतसर गोळा झाला, पुनर्वापरात गेला तो २२.३ टक्के. हा संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालातला आकडा. आपल्याकडचे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्या यादीत ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरही आहे. उत्पादकाने विकलेल्या मालाच्या प्रमाणात कचऱ्याची जबाबदारी घ्यायची. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात एक्स्चेंजला दिलेला तुमचा जुना सेट कुठं जातो, हे पुढच्या वेळी दुकानात विचारा. अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याची पावती मागा. मिळाली तर त्या दुकानदाराला माझा सलाम. मिळाली नाही तर समजा, की तो सेट कुठल्यातरी भंगाराच्या ढिगावर फुटणार, तांब्यासाठी तारा जळणार, आणि तो धूर कुणाच्या तरी पोराच्या नाकात जाणार.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. त्या साठीच्या मेकॅनिकला विचारलं, तुमच्यानंतर कोण? ते म्हणाले, "कोण नाही. पोरगा मोबाइलचे ग्लास बदलतो, त्यात दिवसाचे पैसे सुटतात." आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम आजही आहे. पण नकाशा मिळणार नसेल, भाग मिळणार नसेल, तर पोरांनी शिकून काय मोजायचं? दहा वर्षांनी गावात मोजणारा माणूसच उरला नाही, की मग "बोर्ड गेलाय" हे खोटं आहे की खरं, हे सांगणारंही कुणी उरणार नाही. दुरुस्तीचा हक्क कायद्यात आला तरी दुरुस्त करणारा हात लागतोच ना.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक. प्रत्येक सर्व्हिस सेंटरने एस्टिमेटवर नेमका कुठला भाग गेलाय, त्याची किंमत, मजुरी वेगवेगळी लिहावी. काढलेला भाग गिऱ्हाईकाला परत द्यावा.

दोन. वस्तूचं उत्पादन थांबल्यावर किमान सात वर्षं सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे गावातल्या मेकॅनिकलाही विकत मिळावेत, फक्त अधिकृत सेंटरला नव्हे.

तीन. दुरुस्तीचे गुण वस्तूवर छापणं बंधनकारक करा, आणि यादीत ध्वनी उपकरणंही घ्या. आपल्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा. विचारला तर त्याची बातमी मी पहिल्या पानावर देईन, शब्द देतो.

चार, आपल्यासाठी. तोंडी उत्तर घेऊ नका. माहिती नाकारली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आपण जात नाही, हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते तीन शब्दांत बोळवण करतात.

या दिवाळीत नवा सेट घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, आणि वाजवा. फक्त त्याआधी बंद पडलेला जुना सेट एकदा मोजणाऱ्या माणसाच्या हातात द्या. आणि कुणी म्हणालंच, "बोर्ड गेलाय", तर आवाज न चढवता विचारा: नेमकं काय गेलंय? लिहून द्या.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडायला या, मी रोज संध्याकाळी बस स्टँडसमोर चहाला असतो.